नाव लिहून घेतात, राखून ठेवत नाहीत

प्रश्न : मी अंबाजोगाईला घरूनच डिझाइनची कामं करते. लग्नपत्रिका, लोगो, लातूरच्या दोन क्लासेसच्या जाहिराती, पुण्याच्या एका प्रेससाठी मुखपृष्ठं. ‘योगेश्वरी ग्राफिक्स’ नावाचं बिलबुक छापून घेतलं. मागच्या महिन्यात एका क्लासनं त्याच नावानं चेक दिला, तो बँकेनं घेतला नाही. ऑनलाइन फॉर्म भरून देणारे एकजण म्हणायलेत, “उद्यम काढा, नाव तुमचं होऊन जातं, साडेतीन हजार लागतील.” भाऊ म्हणतो, डायरेक्ट प्रायव्हेट लिमिटेडच काढ. नाव नोंदवायचं तरी नेमकं कुठं?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, आधी ते साडेतीन हजार पर्समध्ये परत ठेवा. उद्यम नोंदणी म्हणजे छोट्या धंद्यांची केंद्र सरकारकडची नोंद. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि सरकार तिच्यासाठी एक रुपयाही घेत नाही. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल हाताशी असला की घरबसल्या होते. भरून देणाऱ्याला त्याची मजुरी जरूर द्या, त्याचंही पोट आहे. पण कुणी ‘सरकारी फी’ म्हणून मागायला लागला तर उठून या. नेटवर सरकारीच वाटाव्यात अशा खासगी साइटी पुष्कळ आहेत, पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ दिसल्याशिवाय आधार नंबर टाकू नका.

आता नावाचं. एकट्यानं चालवलेल्या धंद्याला आम्ही प्रोप्रायटरशिप म्हणतो. तिचं नाव एकाच्या नावे राखून ठेवणारं ऑफिस आपल्याकडं नाहीच. लातूरला गंजगोलाईजवळ माझं ऑफिस आहे, तिथं येणारा दर दुसरा नवा धंदेवाला हेच विचारतो आणि माझं उत्तर ऐकून त्याचा चेहरा पडतो. उद्यमचा फॉर्म नाव विचारतो, तुम्ही लिहाल ते सर्टिफिकेटवर छापतो. उद्या परळीतून कुणी हेच नाव लिहिलं तर त्यालाही छापून देईल. शॉप ॲक्टचं, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखालच्या नोंदीचं तेच, जीएसटीचंही तेच.

मग हे कागद काढायचे कशाला? तुमच्या त्या चेकसाठी. ‘योगेश्वरी ग्राफिक्स’ म्हणजे कायद्यानं तुम्हीच, पॅनही तुमचाच. पण तुमच्या बचत खात्यावर ते नाव नाही, म्हणून बँक चेक घेत नाही, आणि त्यात तिचं चुकलंही नाही. धंद्याच्या नावानं चालू खातं उघडायला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं त्या नावाचे साधारण दोन पुरावे लागतात. उद्यम सर्टिफिकेट हा एक, शॉप ॲक्ट हा दुसरा. एवढ्यावर काम भागतं. मात्र एका कागदावर ‘योगेश्वरी’ आणि दुसऱ्यावर ‘श्री योगेश्वरी’ असं करू नका, त्या एका ‘श्री’पायी खातं अडकतं.

शॉप ॲक्टला जुनी माणसं अजून गुमास्ता म्हणतात. २०१७ च्या कायद्यानं तुमच्यासारख्या एकट्या माणसाला लायसन्स लागत नाही, धंदा सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यायची, तिची पावती हाच तुमचा कागद. पत्त्याच्या पुराव्याचं लाइट बिल सासऱ्यांच्या किंवा वडिलांच्या नावे असेल तर त्यांचं संमतिपत्र जोडा. दारावर बोर्ड लावणार असाल तर तो मराठीत हवा, आणि दुसऱ्या भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. (बोर्डाचा हा नियम २०२२ च्या ज्या दुरुस्तीत आहे, तिनंच दारूच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं द्यायला बंदी केली. तुमचा संबंध नाही, पण मला फार आवडलेली तरतूद आहे.)

माझं विचाराल तर एवढीसुद्धा घाई नको. गिऱ्हाईक मोजकं आहे तोवर बिलावर स्वतःचं नाव मोठं छापा आणि चेक त्याच नावानं मागा. नाहीतर ‘योगेश्वरी ग्राफिक्स, प्रोप्रा.’ असं लिहून पुढं तुमचं पॅनवरचं पूर्ण नाव टाका. प्रेसनं टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापला तर तो पॅनवरच जमा होतो, धंद्याच्या नावावर नाही. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे तोवर सेवेच्या कामाला जीएसटी नंबर लागत नाही, आणि नंबर नसताना बिलात जीएसटी लावायचा नसतो. व्यवसाय कर तेवढा विसरू नका, वर्षाला अडीच हजार. तो विसरलेली माणसं माझ्याकडं चार वर्षांनी व्याजाचा कागद घेऊन येतात.

भावाला सांगा, कंपनी काढली की काम असो नसो, दरवर्षी ऑडिट आलं. आणि कंपनी न काढताच कार्डावर ‘प्रा. लि.’ छापणं हा गुन्हा आहे.

राहिला नावावरचा हक्क. तो मिळतो ट्रेडमार्कनं. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला (म्हणजे मालाच्या किंवा सेवेच्या एका प्रकाराला) साडेचार हजार, नोंद झाली की दहा वर्षांसाठी, पुढं नूतनीकरण. पण योगेश्वरीच्या गावात बसून ‘योगेश्वरी’ एकटीसाठी मागणं अवघड आहे हो! मंगल कार्यालयापासून किराणा दुकानापर्यंत देवीचं नाव कुठं नाही? २०१५ साली अगरबत्तीच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं ‘रामायण’ हे नाव कुणा एकाला ट्रेडमार्क म्हणून द्यायला नकार दिला. देवीचं नाव म्हणजे धर्मग्रंथाचं नाव नव्हे हे खरं, पण वारा कुठं वाहतो ते कळतं. पुढंमागं ट्रेडमार्क घ्यायचा विचार असेल तर आजच दुसरं नाव शोधा : आडनाव, आजोळचं नाव, नाहीतर स्वतः घडवलेला एखादा शब्द. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर फुकट शोधता येतं, बिलबुक छापायच्या आधी शोधा. शिवाजी महाराजांच्या किंवा गांधीजींच्या नावाच्या वाटेला जाऊ नका, धंद्यासाठी त्या नावांना १९५० च्या कायद्यानं मनाई आहे.

प्रश्न : आम्ही दोघं मित्र मिळून लग्नाचं शूटिंग करतो. नाव दोघांच्या नावे कसं करायचं?
– एक वाचक, परभणी

उत्तर : दोघं आलात की ती भागीदारी, कायदा १९३२ चा. स्टॅम्पपेपरवर करारनामा करा, फर्मचा वेगळा पॅन काढा. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडं नोंदणी सक्तीची नाही, तरी कराच. नोंदणी नसलेल्या फर्मला बुडवलेल्या पैशासाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही, आणि लग्न लागून गेल्यावर पैसे किती सुखासुखी येतात हे तुम्हाला मी काय सांगावं! करारनाम्यात दोन कलमं मुद्दाम घाला : वेगळे झालात तर नाव कुणाकडं राहील, आणि कॅमेरा कुणाकडं.