बायकोची ड्यूटी टीबी वॉर्डात लागली आहे, घरात दोन वर्षांचं मूल आहे. धोका कितपत?

धोका आहे, पण तुम्ही समजताय तिथे कमी. वॉर्डातल्या पेशंटचा टीबी सगळ्यांना ठाऊक असतो आणि लागू पडणारी औषधं सुरू झाली की त्याच्यापासून लागण होण्याची शक्यता झपाट्यानं उतरते. भीती असते ती अजून निदानच न झालेल्या खोकणाऱ्याची.

मी बडोद्यात एक्स-रे टेक्निशियन आहे. आमच्या खोलीला खिडकी नाही, दार जाडजूड, मशीनसाठी एसी चालू. पेशंटला स्टँडला छाती टेकवून उभं करायचं, हनुवटी वर, खांदे पुढे, आणि म्हणायचं, 'ऊंडो श्वास लो... रोको.' श्वास सोडताक्षणी खोकल्याची उबळ ठरलेली. मी शिशाच्या आडोशामागे, छातीवर किरणं मोजणारा बॅज. जंतू मोजणारा बॅज नसतो! ते कण बंद हवेत तासन्‌तास तरंगतात, तोवर पुढचा पेशंट आत आलेला असतो.

२०१९ मध्ये संध्याकाळची कणकण सुरू झाली. आई म्हणाली, गणपतीची दगदग. रोज लोकांच्या छात्या बघणारा मी तीन आठवडे सिरप पीत बसलो. शेवटी सहकाऱ्यानं माझाच एक्स-रे काढला. उजवीकडे, गळ्याच्या हाडाखाली, कापसाच्या बोळ्यासारखा डाग. रिपोर्टची वाट बघायची गरजच नव्हती, तरी थुंकी सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला, दिली. सहा महिने गोळ्या घेतल्या. पहिल्या दिवशी लघवी केशरी झालेली बघून हबकलो होतो, ती त्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाची करामत. बरा झालो. खोलीत एक्झॉस्ट पंखा मात्र दुसऱ्या अर्जानंतर लागला.

टीबी कपड्यांतून, भांड्यांतून घरी येत नाही. बाईंनी घरी येऊन मुलाला खुशाल कडेवर घ्यावं. बीसीजी लसीचं इंजेक्शन दिलं असेलच. लहान मुलांना ते मेंदूच्या टीबीसारख्या गंभीर प्रकारापासून बरंच वाचवतं. मोठ्यांनी त्याच्या भरवशावर राहू नये. साधा मास्क पेशंटच्या तोंडाला, एन-९५ बाईंच्या, आणि तो गालांना घट्ट बसलेला हवा. थुंकीचा नमुना बाहेर मोकळ्यावर घ्यायचा. बाईंना दोन आठवडे खोकला राहिला तर लगेच तपासणी. टीबी निघालाच तर मुलाला लक्षणं नाहीत ना हे बघून डॉक्टर प्रतिबंधक औषध देतात.

आणि पहिल्याच दिवशी वॉर्डाच्या खिडक्या हलवून बघायला सांगा. बऱ्याच ठिकाणी त्या रंगानं चिकटून बसलेल्या असतात.