स्कायडायव्हिंगचं गिअर: आधी रिगरला दाखवा, मग पैसे द्या

उज्जैनच्या दताना हवाईपट्टीवर हिवाळ्यात स्कायडायव्हिंग फेस्टिव्हल व्हायला लागल्यापासून इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींचे प्रश्न मला सारखे येतात. आधी हा खेळ म्हणजे दुबई-थायलंडला जाणाऱ्यांची गोष्ट होती, आता सकाळी गाडी काढली की तासा-सव्वा तासात माणूस हवाईपट्टीवर. चांगलंच आहे हे. पण प्रश्न तेच, गोंधळही तोच, आणि बरेचदा कुणाच्या तरी मित्राने सांगितलेलं काहीतरी डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मी इन्स्ट्रक्टर आहे, रिगिंगचं, म्हणजे पॅराशूट तपासून पॅक करायचं, कामही करते, म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देते. नावं काढली आहेत, फक्त वस्ती ठेवली आहे.

पहिलीच टँडम (इन्स्ट्रक्टरला बांधून) उडी मारणार आहे. हेल्मेट, गॉगल, जंपसूट ऑनलाइन मागवून ठेवू का? एक कॉम्बो चांगला मिळतोय. (सुदामानगर)

नको. टँडमला लागणारं सगळं ऑपरेटर देतो. तो कॉम्बो मी पाहिला, त्यातलं हेल्मेट सायकलचं आहे.

चष्मा आहे, नंबर मोठा आहे. काढून उडी मारायची का? (लोकमान्यनगर)

काढू नका, चष्म्यावरून बसणारे गॉगल मिळतात. लेन्स वापरत असाल तरी चालतं, फक्त गॉगल घट्ट बसायला हवा आणि इन्स्ट्रक्टरला आधी सांगायला हवं.

बूट कोणते घालू? ट्रेकिंगचे आहेत. (रामबाग)

साधे लेसवाले स्पोर्ट्स शूज. ट्रेकिंगच्या बुटांना लेस अडकवायचे लोखंडी हुक असतात, त्यात पॅराशूटची दोरी अडकू शकते, ते नकोत.

वडील 61 वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे, पण उत्साह खूप. बाकी तब्येत ठणठणीत. वाढदिवसाला सरप्राइज टँडम बुक करू का? (विजयनगर)

सरप्राइज करू नका. वय ही अडचण नाही, साठीच्या पुढचे लोक टँडम करतात आणि मस्त करतात. पण बीपी, हृदयाचा काही इतिहास, खांदा निसटण्याची सवय, पाठीचं ऑपरेशन, नुकतीच झालेली सर्दी, हे सगळं आधी डॉक्टरांना सांगून त्यांचं लेखी मत घ्या, आणि तो कागद ऑपरेटरला बुकिंगच्या आधी दाखवा, नंतर नाही. सर्दीला लोक हसतात, पण नाक बंद असताना दहा हजार फुटांवरून काही मिनिटांत खाली आलात तर कान आणि कपाळ असं ठणकतं की उडीची मजा राहते बाजूला. वजनाची मर्यादाही असते, बहुतेक ठिकाणी नव्वद ते शंभर किलोच्या मध्ये कुठेतरी, फोन करून नेमकं विचारा. आणि वडिलांना खरं वजन सांगायला सांगा, कारण हार्नेस (अंगावर बांधायचे पट्टे) आणि छत्री (पॅराशूट) त्या आकड्यावर ठरतात.

शीतल महाजन यांनी नऊवारी नेसून उडी मारली होती. माझ्या मुलीलाही टँडम नऊवारीतच करायचंय, फोटोसाठी. शिवून घेऊ का? (तिलकनगर)

ताई, मुलीची हौस मला कळते, आणि शीतलताईंचा अभिमान मलाही आहेच. पण त्यांनी पट्टायाला नऊवारीत उडी मारली 2018 मध्ये, आणि उत्तर ध्रुवावर मारली होती 2004 मध्ये. मधली सगळी वर्षं आणि शेकडो उड्या त्या नऊवारीच्या मागे आहेत. ते बघून पहिल्या उडीला तेच करायचं हे चुकीचं आहे. हवेत वेग ताशी 200 किलोमीटर असतो, मोकळा पदर त्या वाऱ्यात कुठे जाईल सांगता येत नाही, तो छत्री उघडायच्या हँडलवर आला तर इन्स्ट्रक्टरच्या हाताला हँडलच लागणार नाही, मोठी छत्री ओढून काढणाऱ्या छोट्या छत्रीत गुंतला तर त्याहून वाईट. हार्नेसचे पट्टे मांडीवरून जातात, तिथे निऱ्यांचा गोळा झाला की पट्टा नीट आवळला जात नाही. तिला ट्रॅक पँट आणि अंगाबरोबर टी-शर्ट घालू दे, नऊवारी खाली उतरल्यावर नेसू दे, फोटो छान येतील. तरीही वाटत असेल तर ऑपरेटरच्या चीफ इन्स्ट्रक्टरशी बोला, तेही हेच सांगतील.

माझ्या स्मार्टवॉचमध्ये अल्टिमीटर आहे. कोर्सला जाताना वेगळा घ्यायची गरज आहे का? (अन्नपूर्णा रोड)

आहे. आणि हे जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या भागात याची एक खास गोम आहे. माळव्याचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटर उंच आहे, म्हणजे सोळाशे फूट. तुमचं घड्याळ किंवा फोन जीपीएसवरून समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवत असेल तर उज्जैनच्या जमिनीवर उभं असतानाच ते सोळाशे दाखवणार, आणि हवेत ते 4,000 दाखवेल तेव्हा तुमच्या पायाखाली फक्त चोवीसशे फूट उरलेले असतील. स्कायडायव्हिंगचा अल्टिमीटर त्या मैदानावर शून्य करून मग विमानात चढायचं असतं, आणि आपण जे आकडे बोलतो ते सगळे जमिनीपासूनचे असतात. दुसरं, पोटावर पडताना दर साडेपाच सेकंदांना हजार फूट जातात. घड्याळाने आकडा दोन सेकंद उशिरा दाखवला की साडेतीनशे फूट गेले. ट्रेकला ते घड्याळ उत्तम आहे, इथे नाही. मनगटावरचा साधा काटेवाला घ्या, काटा लाल पट्ट्यात आला की आकडा वाचावाही लागत नाही. कानात बीप करणारा नंतर घ्या, तोही जोडीला, मनगटावरच्याच्या जागी नाही. आणि कोर्समध्ये अल्टिमीटर शाळा देते, त्यामुळे आजच विकत घ्यायची घाई करू नका, आधी इन्स्ट्रक्टरकडे असलेले दोन-तीन हातात बांधून बघा.

माझ्या बारा उड्या झाल्यात. हेल्मेटवर अॅक्शन कॅमेरा लावायला इन्स्ट्रक्टर परवानगी देत नाहीत. बाहेर सगळे लावतात. (स्नेहलतागंज)

इन्स्ट्रक्टरचं बरोबर आहे. अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनची शिफारस 200 उड्यांची आहे. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात दोरी अडकते हे एक कारण, पण मोठं कारण असं की कॅमेरा लावला की माणूस फ्रेमचा विचार करतो आणि उंची विसरतो. रील थांबू शकतं.

स्पेनला कोर्स केला, चाळीस उड्या झाल्या. वजन 78 किलो. आता एक सेकंडहँड कम्प्लीट रिग (पाठीवरचा पूर्ण संच) मिळतोय, मेन (मुख्य छत्री) 150 स्क्वेअर फूट, एएडीसकट (राखीव छत्री आपोआप उघडणारं यंत्र), विकणारा म्हणतो एकदम रेडी टू जंप, दुसरे दोन गिऱ्हाइक लाइनमध्ये आहेत. मित्र म्हणतो घेऊन टाक, छोटी छत्री आहे तर लवकर शिकशील. अॅडव्हान्स पाठवू का? (तिलकनगर)

नका पाठवू. असे प्रश्न मला सगळ्यात जास्त येतात आणि सगळ्यात जास्त काळजीही यांचीच वाटते, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी हिशोब करा. तुम्ही 78 किलो, अंगावर रिग, हेल्मेट, कपडे धरून साधारण 12 किलो, म्हणजे विमानातून बाहेर पडताना 90 किलो, पाउंडात 198. भागिले 150, आलं 1.32. याला विंग लोडिंग म्हणतात, एका स्क्वेअर फुटावर किती पाउंड लटकलेत ते. चाळीस उड्यांच्या माणसाने 1 च्या आसपास किंवा खाली राहायचं असतं, म्हणजे तुम्हाला 200 ते 210 ची छत्री हवी. 1.32 वर छत्री जमिनीकडे वेगाने येते, वळण घेतलं की उंची भराभर जाते, आणि खाली शंभर फुटांवर कुणी आडवं आलं म्हणून घाबरून एक दोरी जोरात ओढली तर सावरायला जागाच नसते. पूर्ण उघडलेल्या, काहीही बिघाड नसलेल्या छत्रीखाली लोकांचे पाय मोडतात, जीव जातात, ते असेच. उन्हाळ्यात आपल्याकडे हवा तापून विरळ होते तेव्हा तीच छत्री अजून वेगाने उतरते. तुमच्या मित्राचं 'छोटी छत्री म्हणजे लवकर शिकशील' हे कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. मोठ्या छत्रीवर अचूक उतरणं, वाऱ्यात, आडव्या वाऱ्यात, चढावर, हे सगळं हातात बसलं की एकेक पायरी खाली यायचं, आणि प्रत्येक पायरी कॅनोपी कोचला (छत्री उडवायला शिकवणाऱ्याला) विचारून.

आता तुम्ही म्हणाल, रिग घेतो आणि मेन मोठी टाकतो. होत नाही तसं. कंटेनर (छत्री ठेवायची पाठीवरची पिशवी) ठरावीक मापाच्या छत्रीसाठी शिवलेला असतो, 150 च्या कंटेनरमध्ये 210 कोंबली तर तो बंद ठेवणाऱ्या पिन आणि लूपवर भलताच ताण येतो आणि छत्री बाहेर यायला अडते. आणि मेन 150 असेल तर रिझर्व्ह, म्हणजे राखीव छत्रीही, त्याच आसपासची लहान असणार. रिझर्व्हचा विचार कुणी करतच नाही! डोक्याला मार लागून बेशुद्ध झालात आणि एएडीने रिझर्व्ह उघडली, तर उतरताना ब्रेक ओढायला कुणी नाही, ती छत्री जशी उडतेय तशी जमिनीवर आणणार. ती मोठी असेल तर वाचण्याची शक्यता जास्त. त्यामुळे रिझर्व्हचं माप आधी विचारा, रंग नंतर.

एएडीबद्दलही गैरसमज खूप आहे. एएडी असलं म्हणजे सगळं झालं असं नाही. ते फक्त एक काम करतं, सायप्रस या ब्रँडचं एक्स्पर्ट मॉडेल धरलं तर साधारण 750 फुटांवर तुम्ही अजून ताशी 126 किलोमीटरच्या वर पडत असाल तर रिझर्व्हचा लूप कापतं. अर्धवट उघडलेल्या, गुंतलेल्या छत्रीखाली वेग त्याच्या आत असेल तर ते गप्प बसेल, तिथे तुम्हालाच कटअवे करून (मेन सोडून देऊन) रिझर्व्ह ओढायची आहे. आणि त्याला आयुष्य असतं. नव्या सायप्रसचं साडेपंधरा वर्षांपर्यंत, जुन्यांचं त्याहून कमी, त्यानंतर ते काढून टाकायचं, 'अजून चालू होतं' याला अर्थ नाही. विकणारे मुदत संपत आलेलं एएडी रिगमध्ये ठेवून पूर्ण किंमत लावतात, ही युक्ती जुनी आहे. उत्पादनाची तारीख फोटोत मागा. फोटो पाठवायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

शिवाय हार्नेस. तो विकणाऱ्याच्या अंगाच्या मापाने शिवलेला आहे. छातीचा आणि पायाचा पट्टा आवळता येतो, पण खांद्यापासून कमरेपर्यंतची मुख्य पट्टी बहुतेक हार्नेसमध्ये ठरलेली असते. तो उंच असेल आणि तुम्ही नसाल तर रिग ढिला बसतो, आणि उलटं वळल्यावर अंगातून सरकतो. हँडल जिथे हात जातो तिथे सापडत नाही. हे फोटोवरून कळत नाही, अंगात घालून, लटकून बघावं लागतं.

तर करायचं काय. विकणाऱ्याला सांगा, रिग मान्यताप्राप्त रिगरकडे पाठव, तपासणीचा खर्च माझा, रिपोर्ट आला की पैसे. रिगर रिझर्व्ह उघडून कापड बघेल, मेनच्या दोऱ्यांची लांबी मोजेल (स्पेक्ट्रा धाग्याच्या दोऱ्या, छत्री उघडताना त्यांच्यावरून सरकणाऱ्या स्लायडरच्या कापडाच्या घर्षणाने तापून आखडतात, सगळ्या सारख्या आखडत नाहीत, मग छत्री वेडीवाकडी उघडते), मेन सोडवणारं तीन रिंगांचं रिलीज, कटअवेच्या केबल, पायलट च्यूटचं (मेन ओढून काढणाऱ्या छोट्या छत्रीचं) पाकीट ढिलं झालंय का, कंपनीचं काही सर्व्हिस बुलेटिन (दोष किंवा दुरुस्तीची सूचना) त्या मॉडेलवर निघालंय का, हे सगळं बघेल. प्रामाणिक माणूस याला नाही म्हणत नाही. दुसरे दोन गिऱ्हाइक लाइनमध्ये असतील तर असू देत, त्यांना घेऊ द्या. तुम्ही अजून पन्नासेक उड्या भाड्याच्या रिगवर करा, वेगवेगळ्या मापाच्या छत्र्या वापरून बघा, आणि ज्या इन्स्ट्रक्टरने तुम्हाला उतरताना पाहिलंय त्याला माप विचारा. त्याने तुम्हाला पाहिलंय, मी नाही, म्हणून माझ्यापेक्षा त्याचं ऐका.

भंगार बाजारात सैन्याचं गोल पॅराशूट मिळालं, कापड चांगलं वाटतं. वापरता येईल का? (मल्हारगंज)

नाही. ते किती वर्षं उन्हात, ओलीत पडलं होतं, कशामुळे बाद केलं, हे तुम्हाला माहीत नाही. नायलॉन उन्हाने आतून कमकुवत होतं आणि वरून चांगलंच दिसतं. शिवाय सैन्याची ती पद्धतच वेगळी, विमानाला बांधलेल्या दोरीने छत्री उघडते.

कोर्सच्या पहिल्या उडीला दारात बसल्यावर पाय गळाले. बाहेर पडलोच नाही, विमानाबरोबर खाली आलो. घरचे अजून चिडवतात. पुन्हा जाऊ का? (राजेंद्रनगर)

जा ना. दारातून परत येणं हे या खेळात मान्य आहे, चांगले इन्स्ट्रक्टर त्याला नावं ठेवत नाहीत. मी असे कितीतरी विद्यार्थी पाहिलेत जे दुसऱ्या वेळी शांतपणे बाहेर पडले. बहुतेकांना उंचीची भीती नसते, वाऱ्याचा आवाज आणि इंजिनचा वास एकदम अंगावर येतो. पुढच्या वेळी जमिनीवर उभ्या विमानाच्या दारात बसून सगळा क्रम चार-पाच वेळा करून घ्या, तसं इन्स्ट्रक्टरला स्पष्ट सांगा. आधी एक टँडम केली तरी फायदा होतो. आणि रात्रभर झोप नसेल, छातीत धडधड नेहमीपेक्षा वेगळी वाटली असेल, तर आधी डॉक्टर.

माझा स्वतःचा रिग आहे. रिझर्व्ह मागच्या वर्षी पॅक केली, त्यानंतर पावसाळाभर कपाटातच होती, एकही उडी नाही. हंगाम सुरू झाल्यावर बघू म्हटलं तर चालेल? (मनोरमागंज)

नाही चालणार. अमेरिकेत रिझर्व्ह 180 दिवसांत पुन्हा पॅक करायचा नियम आहे, उडी मारा न मारा, आणि तुमची मुदत गेलेली आहे. तुमच्या ड्रॉप झोनचा (उडीच्या मैदानाचा) नियम वेगळा असेल तर तो विचारून घ्या. कपाटात राहिल्याने काय बिघडतं असं वाटतं, पण पावसाळ्याची ओल, झुरळं, दाबून राहिलेले रबर बँड, गंजणारी पिन, हे सगळं कपाटातच होतं. रिझर्व्ह स्वतः उघडून बघायचा मोह टाळा, सील तोडलं की रिगरशिवाय ती पुन्हा बंद करता येत नाही. रिग कोरड्या पिशवीत घाला, पॅकिंगचं कार्ड आणि एएडीची तारीख बघून ठेवा, आणि या आठवड्यात रिगरला फोन करा. डिसेंबरात सगळ्यांचे रिग एकदम येतात, तेव्हा नंबर लागत नाही.