समुद्रापासून दूर राहणाऱ्याला देवमाशाचे चित्र शिकता येईल का? कोणते रंग घ्यावेत?

हा प्रश्न वाचून राहवले नाही, कारण मी सोलापूरचा आहे आणि याच मुद्द्यावरून आठवीत असताना चित्रकलेच्या सरांशी माझा जो वाद झाला, तो माझ्या मनात अजून मिटलेला नाही.

माझे वडील चादरीच्या सुताला रंग देण्याचे काम करीत. त्यांच्याबरोबर हिराचंद नेमचंद वाचनालयात गेलो असताना एका जाड ग्रंथात निळ्या देवमाशाचे चित्र पाहिले. सुमारे ३० मीटर लांब वाढणारा, तरीही आपल्यासारखा हवेत श्वास घेणारा आणि पिलाला दूध पाजणारा जीव पाण्यात राहतो, या कल्पनेने मी इतका भारावलो की वह्यांच्या मागच्या पानांवर दुसरे काही काढेनासा झालो. एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेच्या तयारीत स्मरणचित्र म्हणून मी देवमासाच काढला, शेपटी आडवी पसरलेली. सरांनी ती खोडून उभी केली आणि वर्गासमोर बजावले, "माशाची शेपटी उभी असते. जे पाहिले नाही, ते काढू नये."

सर चुकले होते. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालणारे सस्तन प्राणी होते. म्हणून त्याचा कणा धावत्या घोड्यासारखा वर-खाली वाकतो, माशासारखा डावी-उजवीकडे नाही, आणि शेपटीही त्यामुळेच आडवी असते. समुद्रकाठी राहणाऱ्यालासुद्धा बहुतेक वेळा फक्त पाठ आणि फवारा दिसतो. बाकीचे शरीर अभ्यासातूनच कागदावर येते. हंपबॅक जातीच्या देवमाशाचे पुढचे पर शरीराच्या सुमारे एक तृतीयांश लांबीचे असतात आणि स्पर्म व्हेलचा फवारा सरळ वर न जाता पुढे डावीकडे झुकतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याने वर्षभर समुद्राकाठी बसूनही चित्र चुकीचेच काढले असते. ओल्या, गडद कातडीवर ऊन कसे सरकते, हे मी एकरुख तलावात डुंबणाऱ्या म्हशींच्या पाठी पाहून शिकलो.

आता रंगांविषयी. नळीतला काळा वापरू नये. अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून जो करडा तयार होतो, तोच देवमाशाला शोभतो. पाण्यात लाल प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो, म्हणून खोलवरच्या शरीरासाठी सिएना कमी करत जावे. वडील गडद निळा एका बुडवणीत न आणता सूत पुन्हापुन्हा बुडवून आणीत. मीही पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, वाळू देऊन त्यावर दुसरा चढवतो.

हे सारे जलरंगांपुरते आहे, तैलरंग मी हाताळलेले नाहीत. शिवाय बोटीतून देवमासा पाहण्याची संधी मिळालीच, तर ती अवश्य घ्यावी. पण तोवर थांबण्याचे कारण नाही. प्राणिशास्त्राच्या पुस्तकातील सांगाडा समोर ठेवून आजच सुरुवात करावी आणि शेपटी आडवीच काढावी.