सरपंच बाई, कारभार कुणाचा? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरे

१९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामपंचायतीत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. २०११ साली महाराष्ट्राने हा वाटा निम्म्यावर नेला. आता गावागावांत सरपंचपदाच्या खुर्चीवर बाई दिसते. आलेल्या पत्रांतला मूळ प्रश्न एकच आहे: खुर्चीवरचं माणूस बदललं, पण कारभार बदलला का? त्यातली पाच पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : बाई सत्तेवर आली की कारभार वेगळा होतो, हे खरं की नुसतं भाषणापुरतं? इंदिरा गांधी इतकी वर्षं पंतप्रधान होत्या, त्यामुळे बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला नाही. (निवृत्त शिक्षक, जि. सांगली)

एका व्यक्तीवरून याचं उत्तर काढता येत नाही. इंदिराजींचे निर्णय बाई म्हणून होते, की पक्ष, काळ आणि घराणं यांमुळे होते, हे वेगळं करून दाखवायला काही साधन नाही. त्यात आणखी एक अडचण असते. जे गाव आपणहून बाईला निवडून देतं ते बहुधा आधीच थोडं पुढारलेलं असतं. मग तिथे चांगलं काम झालं तर श्रेय बाईचं की गावाचं, हे कळत नाही.

पंचायतीतल्या आरक्षणाने ही अडचण दूर केली, कारण कोणती पंचायत राखीव होणार हे गावाच्या हातात राहिलं नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी नेमका याचाच उपयोग केला. पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर या दोन जिल्ह्यांतल्या अडीचशेहून अधिक पंचायतींचा त्यांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. दोन्हीकडे गावातल्या बायकांच्या तक्रारी पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात पिण्याच्या पाण्याच्या होत्या आणि दोन्हीकडे महिला प्रमुख असलेल्या पंचायतींनी पाण्यावर जास्त काम केलं. रस्त्यांचं मात्र उलटसुलट निघालं. बीरभूममध्ये बायका रस्त्याच्या कामावर मजुरी करत, त्यांना रस्ता हवा होता, म्हणून तिथे महिला प्रमुखांनी रस्ते जास्त केले. उदयपूरकडे कामासाठी बाहेरगावी जाणारे पुरुष, त्यामुळे रस्त्याची मागणी त्यांची. तिथे महिला प्रमुखांनी रस्त्यांवर कमी काम केलं.

आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बाई जात्याच प्रेमळ असते, म्हणून कारभार बदलतो असं नाही. त्या गावात ज्या कामाचा भार बायकांच्या अंगावर असतो, ते काम विषयपत्रिकेवर येतं, म्हणून बदलतो.

पण हे आपोआप घडतं असं समजू नका. दक्षिणेतल्या चार राज्यांतल्या पंचायतींवर राधू बान आणि विजयेंद्र राव यांचा २००८ सालचा अभ्यास आहे. तिथे महिला प्रमुखांच्या आणि पुरुषांच्या निर्णयांत ठळक फरक दिसला नाही. उच्च जातींचं वर्चस्व कमी असलेल्या गावांत आणि राजकारणाचा अनुभव असलेल्या बायकांचं काम मात्र सरस निघालं.

शिक्षक म्हणून तुम्हाला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. दुफ्लो आणि पेटिया टोपालोवा यांच्या पाहणीत महिला प्रमुखांच्या गावांत पाण्याच्या सोयी जास्त होत्या, दर्जा कमी नव्हता, लोकांना लाचही कमी द्यावी लागत होती. तरी गावकरी त्यांच्यावर जास्त नाराज होते. पंचायतीच्या हातातच नसलेल्या सेवांबद्दलसुद्धा! म्हणून 'गावात समाधान नाही' एवढ्यावरून सरपंचबाईंचं मोजमाप करू नये. नळाला किती दिवसांनी पाणी येतं, ते मोजावं.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून सरपंच आहे. सह्या माझ्या, पण बैठकीला मिस्टर बसतात. आता मला स्वतः बघायचं आहे. सुरुवात कुठून करू? (सरपंच, जि. जालना)

ताई, सुरुवात डोंगलपासून करा. वित्त आयोगाचा पैसा आता चेकने जात नाही. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, संगणकावर देयक तयार करतात आणि तुमच्या डिजिटल सहीने ते मंजूर होतं. ती सही एका छोट्या डोंगलमध्ये असते. तो बहुतेक गावांत संगणक चालवणाऱ्या मुलाच्या ड्रॉवरमध्ये नाहीतर घरधन्याच्या खिशात असतो आणि पिन नंबर कव्हरवरच लिहिलेला असतो. तुम्ही शेतात असताना तुमची सही होऊन जाते ती अशी. डोंगल ताब्यात घ्या, पिन स्वतः बदला आणि ओटीपीसाठी कोणाचा मोबाईल नंबर नोंदवला आहे ते समोर बसून तपासा. तो तुमचाच हवा.

नंतर दप्तर. सगळं एकदम वाचायला घेतलं तर आठ दिवसांत कंटाळा येईल. आधी नमुना ५, म्हणजे रोकड वही, दर आठवड्याला बघा: किती आले, किती गेले, शिल्लक किती. ती शिल्लक बँकेच्या पासबुकाशी जुळते का पाहा. मग नमुना ८ आणि ९ घ्या, म्हणजे घरपट्टी कोणाला किती लावली आणि कोणाकडे किती थकली ते कळेल. थकबाकीची यादी हातात आली की गावात तुमच्याशी बोलायची पद्धत बदलते.

देयक मंजूर करण्याआधी चार कागद मागा : कामाचा ठराव, अंदाजपत्रक, अभियंत्याने भरलेली मोजमाप पुस्तिका आणि बिल. मोजमाप पुस्तिका नसेल तर सही नाही. 'उद्या आणून देतो' म्हणाले तर सहीसुद्धा उद्या. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर वसुलीची नोटीस तुमच्या नावाने येते, मिस्टरांच्या नाही. घरी समजावून सांगताना हाच मुद्दा पुढे करा. भांडणापेक्षा तो लवकर पटतो.

कार्यवृत्ताच्या वहीत कोऱ्या पानावर सही करू नका. ठराव संपला की उरलेल्या जागेवर तिरकी रेघ मारा, मग सही. अक्षर लागत नसेल तर प्रत्येक ठराव सभेत मोठ्याने वाचायला लावा. त्यात कमीपणा काही नाही. मासिक सभेत बोलायचा आणि मत द्यायचा हक्क फक्त सदस्यांचा. मिस्टर मतदार म्हणून ग्रामसभेला जरूर येऊ शकतात, पण मासिक सभेत त्यांची खुर्ची नसते. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने २०२३ साली 'सरपंचपती' या विषयावर समिती नेमली आणि २०२५ मध्ये आलेल्या तिच्या अहवालात कडक दंडाची शिफारस आहे. तेव्हा ही घरगुती बाब राहिलेली नाही.

प्रश्न : महिला ग्रामसभा कागदावरच होते. खरी घ्यायची तर कशी, आणि पैसा कुठून मागायचा? (बचत गटाच्या अध्यक्षा, जि. धाराशिव)

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. ती कागदावर राहते याचं पहिलं कारण वेळ. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. १५ ऑगस्टला निंदणी-खुरपणी, २ ऑक्टोबरला सोयाबीन काढणी. सकाळी दहाला सभा ठेवली तर बाई रोज बुडवून येणार कशी? आदल्या दिवशी संध्याकाळी, अंगणवाडीत किंवा वस्तीवरच्या देवळासमोर घ्या. निरोप दवंडीवर सोडू नका. आशाताई आणि गटाच्या सचिवांकडून घरोघर द्या.

दुसरं कारण ठरावाची भाषा. 'पाण्याची सोय व्हावी' असा ठराव फाईलमध्ये पडून राहतो. असा लिहा : 'मागासवर्गीय वस्तीतील बंद हातपंप क्रमांक अमुक ३० दिवसांत दुरुस्त करावा, खर्च बंधित निधीतून करावा.' जागा, मुदत आणि खर्चाचं खातं, तिन्ही हवीत. (बंधित निधी म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्च करता येणारा पैसा.) खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं. दुसऱ्या दिवशी मुख्य ग्रामसभेत तो वाचून घ्या आणि तिच्या कार्यवृत्तात नोंद झाल्याशिवाय उठू नका. मुख्य सभेला गणपूर्ती लागते ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जो आकडा कमी असेल तितकी. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते, म्हणून नको असलेले विषय मुद्दाम तहकूब सभेत उरकले जातात. त्या सभेला हजर राहायला विसरू नका.

पैशाचं साधं गणित असं. पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून ६० टक्के निधी बंधित होता, त्यात निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. म्हणजे १० लाख आले तर ३ लाख पाण्याचे, ३ लाख स्वच्छतेचे, ४ लाख अबंधित. शिवाय पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात. घरपट्टी-पाणीपट्टीतून ६ लाख जमले तर ६० हजार. ही रक्कम वर्षाअखेरीस भांडी, सतरंज्या अशा खरेदीत संपवली जाते. एप्रिलमध्येच विचारा : गेल्या वर्षीचे किती खर्च झाले, कशावर, आणि शिल्लक किती.

प्रश्न : आमच्या सरपंच बाई दारूचं दुकान बंद करायच्या मागे आहेत. दोन वर्षांपूर्वी मतदानात बायका मोठ्या फरकाने जिंकल्या, तरी दुकान चालूच राहिलं. असं कसं? (तरुण वाचक, जि. चंद्रपूर)

'उभी बाटली, आडवी बाटली' या मतदानात फसगत होते ती इथेच. किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की गुप्त मतदान होतं. दुकान बंद व्हायला मात्र झालेल्या मतांच्या नाही, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. यादीत ८०० बायका असतील तर ४०१ हव्यात. ५०० आल्या आणि ३९० आडव्या पडल्या, तरी हार. घरी राहिलेलं प्रत्येक नाव दुकानदाराच्या पारड्यात जातं.

म्हणून मागणीच्या आधी मतदारयादी दुरुस्त करा. मयत आणि लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींची नावं कमी करायला नमुना ७, नव्या सुनांची नावं घालायला नमुना ६, आणि सुनेचं नाव आधीच माहेरच्या यादीत असेल तर नमुना ८. कारखान्यावर किंवा वीटभट्टीवर गेलेल्या बायका कधी परततात ते बघून तारीख मागा. सह्या २५ टक्क्यांच्या वर भरपूर घ्या, कारण पडताळणीत काही बाद होतातच. सरपंचबाईंचं इथलं मोठं काम घोषणांचं नाही, या यादीचं आहे.

प्रश्न : अडीच वर्षं चांगलं काम केलं, आता अविश्वास आणायची भाषा चालू आहे. आणि पुढच्या वेळी पद खुलं झालं तर आमच्या बाईंचं राजकारण संपलंच म्हणायचं का? (ग्रामपंचायत सदस्य, जि. नाशिक)

अविश्वासाची नोटीस सदस्यांच्या सह्यांनी तहसीलदारांकडे जाते आणि ते सात दिवसांत विशेष सभा बोलावतात. महिलांसाठी राखीव पदावरच्या सरपंचांविरुद्ध तीन चतुर्थांश मतं लागतात. मत देऊ शकणारे नऊ जण असतील तर सात. थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचांना पहिली दोन वर्षं संरक्षण असतं आणि त्यानंतरही ठराव ग्रामसभेच्या गुप्त मतदानात टिकावा लागतो. ठराव मंजूर झालाच आणि प्रक्रियेत खोट असेल, तर सात दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागा. हे सात दिवस रडण्यात आणि नातेवाइकांच्या बैठकांत जातात, म्हणून नोटीस आली त्याच दिवशी तिची पोच, सह्या आणि तारखा जपून ठेवा.

खुर्ची काढून घ्यायची दुसरी वाट अपात्रतेची. सरकारी जागेवरचं अतिक्रमण, १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेलं तिसरं अपत्य, घरी शौचालय नसणं, यांवरून तक्रारी होतात. कुटुंबातल्या माणसाचं अतिक्रमणही अंगावर येतं, तेव्हा सासऱ्यांच्या गोठ्याची जागासुद्धा तपासून घ्या. पण जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना अशाच तक्रारीवरून काढलं, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पदावर कायम ठेवलं आणि निवडून आलेल्या बाईला हटवण्याची बाब इतक्या सहज घेतल्याबद्दल अधिकाऱ्यांना सुनावलं.

आता पुढची निवडणूक. खुल्या जागेवर बाई उभी राहू शकत नाही, हा समज पार चुकीचा आहे. खुली म्हणजे सगळ्यांना खुली. मुंबई महापालिकेत १९९७ साली राखीव असलेले जे प्रभाग २००२ साली खुले झाले, तिथे बाई निवडून येण्याची शक्यता आधी राखीव नसलेल्या प्रभागांच्या जवळजवळ पाचपट होती, असं राज्यशास्त्राचे अभ्यासक रिखिल भावनानी यांनी २००९ साली दाखवलं. एकदा काम करून दाखवलेली बाई पुन्हा उभी राहते, आणि बाई जिंकू शकते हे पक्षांनाही कळतं.

आरक्षणाची वाट न पाहताही हे घडलेलं आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यात, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन भरलं. त्यानंतर काही गावांत बायकांनी पूर्ण पॅनेल उभी केली. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये पंचायत बायकांच्या हाती आली आणि लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत तिथल्या शंभराहून अधिक बायकांच्या नावावर जमीन झाली. तेव्हा ७३वी घटनादुरुस्ती अजून व्हायची होती.

तुमच्या बाईंना आत्ताच एक काम सांगा. पाच वर्षांतल्या प्रत्येक कामाची एका ओळीत नोंद ठेवायची : काम, वस्ती, रक्कम, ठराव क्रमांक, पूर्ण झाल्याची तारीख. प्रचाराच्या वेळी हा कागद वस्तीनिहाय वेगळा करून वाटा. पाणंद रस्त्यावर राहणाऱ्याला तिथल्या मुरुमाची ओळ दिसली पाहिजे, गावठाणातल्या गटाराची नाही.