डिसेंबर नको, नोव्हेंबरात ये

*ताई, 2004 मध्ये सांगली सोडून डॅलसला आलो. तेव्हा घरी ‘चार-पाच वर्षं’ असं सांगितलं होतं. आज मी 48 वर्षांचा आहे. मुलं इथेच जन्मली. त्यांना मराठी कळतं, पण बोलत नाहीत. ग्रीन कार्ड मिळून सात वर्षं झाली. नागरिकत्वाचा अर्ज भरून ठेवलाय, पण सही करायला हात धजावत नाही, कारण मग भारताचा पासपोर्ट जाणार. इथे असलो की तिकडची ओढ लागते आणि तिकडे गेलो की आठ दिवसांत इथलं घर आठवतं. दर डिसेंबरात तीन आठवडे आम्ही सगळे येतो. आई गेल्यापासून बाबा एकटे असतात, पण त्यांचं काही अडत नाही. पाटबंधारे खात्याची पेन्शन आहे, जेवणाचा डबा येतो, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी शेजारचा मुलगा स्कूटरवरून बँकेत नेऊन आणतो. प्रश्न माझा आहे. मी नक्की कुठला? – अधांतरी*

मी सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा तुला अरे-तुरे करते.

तुझं पत्र खूप लांब होतं, इथे निम्म्याहून कमी छापलंय. एवढ्या मोठ्या पत्रात बाबांच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या आहेत. मी परवापासून त्या दोन ओळींपाशीच अडकले आहे. त्या स्कूटरपाशी.

हयातीचा दाखला म्हणजे काय, हे तुला ऐकून माहीत आहे. मी पाहिलंय. माझे वडील महसूल खात्यातून निवृत्त झाले होते आणि शेवटची सहा वर्षं मी त्यांना बँकेत नेत होते. पेन्शनरांची यादी कोषागारातून बँकेत येते. नोव्हेंबर संपायच्या आत प्रत्येकाने जाऊन आपल्या नावापुढे सही करायची. नाही केली तर पुढची पेन्शन थांबते. काम पाच मिनिटांचं, पण वडील आदल्या रात्रीच इस्त्रीचा सदरा काढून ठेवायचे. पासबुक, आधार कार्ड आणि स्वतःचं पेन एका कापडी पिशवीत. बँकेतलं दोरीने बांधलेलं पेन त्यांना चालायचं नाही.

यादी समोर आली की ते लगेच सही करत नसत. आधी बोट ठेवून वरपासून खाली सगळी नावं वाचायचे. कोणापुढे सही झाली आहे, कोणापुढची जागा अजून मोकळी आहे. महिना सरत आला असेल आणि एखाद्या ओळखीच्या नावापुढे जागा तशीच असेल, तर बोट तिथे थांबायचं. काउंटरवरची मुलगी ‘आजोबा, सही करा ना’ म्हणायची. ते सही करायचे, पेनाला टोपण लावायचे आणि बाहेर पायरीवर आल्यावर मला सांगायचे, ‘कराडला आम्ही एका टेबलावर होतो गं.’ मग चहा. मग त्या माणसाच्या तासभर गोष्टी. माझ्या वडिलांविषयी मला जे काही माहीत आहे, त्यातलं निम्मं त्या सहा नोव्हेंबरांतलं आहे.

तुझे बाबा पायरीवर येऊन कोणाला सांगतात? तो शेजारचा मुलगा गुणाचा आहे, त्याचे पाय धरावेत असा आहे. पण त्याला कामावर जायचं असतं, गाडी चालू असते.

आता तू म्हणशील, हे तर घरबसल्या होतं. होतं. ‘जीवन प्रमाण’ 2014 पासून आहे. यंत्रावर बोट टेकवून किंवा मोबाइलला चेहरा दाखवून दाखला देता येतो. ज्यांना उठवत नाही त्यांची त्याने फार मोठी सोय झाली आहे. पण तुझ्या बाबांना स्कूटरवर बसवतं, तोवर त्यांना ते शिकवू नकोस. त्यांना जाऊ दे बँकेत.

आणि ‘त्यांचं काही अडत नाही’ हे वाक्य पुन्हा लिहू नकोस. मला राग आला त्या वाक्याचा. पेन्शन, डबा आणि स्कूटर एवढ्यावर माणसाचं भागतं, असं तू स्वतःच्या बाबतीत म्हणाला असतास का?

नागरिकत्वाचं बोलते, कारण तिथे तू उलटा विचार करतो आहेस. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, पासपोर्ट परत करावा लागतो, हे खरं. पण ग्रीन कार्डावर तू सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलास की परतताना प्रश्न सुरू होतात. परत येण्याची आगाऊ परवानगी, म्हणजे रीएंट्री परमिट, न काढता वर्ष ओलांडलंस तर कार्डच धोक्यात येतं. नागरिकाला तिकडून ही मुदत नाही. इकडून परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना 2005 पासून ओसीआय कार्ड मिळतं, ते आयुष्यभराच्या व्हिसासारखं आहे. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पण सांगलीच्या घरात वडिलांच्या शेजारी वर्षभर राहिलास तरी कोणी विचारणार नाही. ज्या कागदाला तू भितोस, त्याच कागदावर तुला बाबांजवळ हवं तेवढं राहता येईल. दिवाळीच्या आत सही करून टाक.

तू कुठला, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि ते मी शोधणारही नाही. एकवीस वर्षांत तू एकदाही नोव्हेंबरात आला नाहीस, एवढं मला तुझ्या पत्रावरून दिसतं. डिसेंबरात येतोस तेव्हा लग्नं असतात, खरेदी असते, मुलांची पोटं बिघडलेली असतात आणि बाबा पाहुण्यांना चहा देत असतात. यंदा एकटा ये. मुलांची शाळा, बायकोची रजा, यातलं काही आड आणू नकोस. तुमची थँक्सगिव्हिंगची सुट्टी महिनाअखेरीला येते, तिला आठ-दहा दिवसांची रजा आधी जोड. सोबत सामान आणू नकोस, चॉकलेटं तर नकोतच.

बँकेत त्यांच्या मागे उभा राहा. यादी वाचताना घाई करू नकोस.

आज रात्री त्या शेजारच्या मुलाला फोन लाव. तुमची रात्र म्हणजे आमची सकाळ, तो कामावर निघायच्या आत सापडेल. त्याचे आभार मान, सकाळी किती वाजता गर्दी कमी असते ते विचारून घे आणि सांग, यंदा बाबांना मी नेणार आहे.