विचारा तर खरं : डिग्री रशियाची, अर्ज एफएमजीईचा

मागच्या अंकात बाहेरच्या देशांत एमबीबीएस करून येणाऱ्या मुलांबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि व्हॉट्सअॅपचा पाऊस पडला. निम्म्याहून जास्त जणांचा प्रश्न फिरून फिरून एकच आहे, एफएमजीईच्या (परदेशी डिग्रीवाल्यांना इथं डॉक्टरकी करायला पास व्हावी लागणाऱ्या परीक्षेच्या) फॉर्मचा आणि कागदांचा, म्हणून तो आधी घेते, आणि जरा लांबलचक घेते, बाकीचे पटापट.

प्रश्न (डिचोलीहून एक आई) : मुलगी रशियात सहाव्या वर्षाला आहे, जूनच्या शेवटी डिप्लोमा हातात येईल. ज्या एजंटनं पाठवलं तोच आता म्हणतो की एफएमजीईचा फॉर्म मीच भरतो, सगळे ओरिजिनल माझ्याकडे द्या, वीस हजार घेईन. दुसरं म्हणजे तिच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव जुन्या पद्धतीनं पोरोब लिहिलंय, पासपोर्टवर परब आहे, आणि डिप्लोमाच्या इंग्रजी भाषांतराचा नमुना तिनं पाठवला त्यात तर तिच्या ज्योती नावाचं काहीतरी भलतंच झालंय. आमचे हे म्हणतात आधी परीक्षा पास होऊदे, कागदांचं मग बघू. काय करू?

उत्तर : ताई, ह्यांना सांगा की गाडी उलट्या दिशेनं चाललीय. कागद नीट नसले तर परीक्षेला बसायलाच मिळत नाही, पास होणं लांबच राहिलं.

एजंटचं आधी संपवते. फॉर्म ऑनलाइन असतो, नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्सच्या साइटवर, आणि तो मुलीनं स्वतः भरायचा, स्वतःच्या मोबाईलवर आणि स्वतःच्या ईमेलवर. का, तर एकदा टाकलेला मोबाईल नंबर, ईमेल, नाव, नॅशनॅलिटी आणि परीक्षेचं शहर नंतर एडिट विंडो (फॉर्म सुधारायची मुदत) उघडली तरी बदलता येत नाही. एजंटनं स्वतःचा नंबर टाकला की ओटीपी त्याच्याकडे, नोटीस त्याच्याकडे, कागद कमी पडले म्हणून बोर्डानं कळवलं तर ते पण त्याच्याकडे, आणि तो नेमका तेव्हा नव्या बॅचला घेऊन विमानतळावर. ओरिजिनल पासपोर्ट आणि डिप्लोमा तर कोणाच्याच हातात ठेवायचे नाहीत. एवढ्या कामाचे वीस हजार म्हणजे मला तरी लूटच वाटते.

आता नावाचं, खरं दुखणं ते आहे. तुमच्या घरात ती तीन रूपांत फिरतेय आणि प्रत्येक रूपाला कारण आहे. पोरोब हे पोर्तुगीज काळातलं स्पेलिंग, आजोबांच्या कागदावरून बाबांच्या, बाबांच्या कागदावरून जन्मदाखल्यात, तिथून शाळेत असं उतरत आलेलं, गोव्यात निम्म्या घरांत हे सापडेल, नाईकांचं तर विचारूच नका. पासपोर्ट काढताना कोणीतरी परब केलं. आणि रशियात काय होतं की पासपोर्टवरचं इंग्रजी नाव आधी रशियन लिपीत जातं, त्या लिपीत आपल्या ज ला एक अक्षर नाही, दोन जोडून लिहितात, मग डिप्लोमाचं भाषांतर करणारा तेच नाव परत इंग्रजीत आणतो तेव्हा जे च्या जागी डी झेड एच येऊन बसतं. ज्योतीची डी-झेड-एच पासून सुरू होणारी कोणीतरी परकी बाई होते. ह चं पण तसंच, महेशच्या एच चं के-एच होतं. भाषांतर करणाऱ्याची चूक म्हणता येत नाही, त्याच्या नियमानं ते बरोबर असतं.

म्हणून मुलीला आजच सांगा, नमुना आलाय म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. भाषांतर करणाऱ्याच्या हातात पासपोर्टची झेरॉक्स द्यायची आणि नाव अक्षर न अक्षर पासपोर्टप्रमाणेच लिहा म्हणून लेखी सांगायचं, हे तिथं रोजचं आहे, कोणी तोंड वाकडं करत नाही. डिप्लोमा छापायच्या आधी डीन ऑफिसमध्ये रशियन नाव पण व्हिसावरच्या रशियन नावाशी जुळवून बघायचं. मार्कांची जी पुरवणी डिप्लोमाबरोबर मिळते तिच्यावरचं नाव, जन्मतारीख पण बघायची, मुलं ती उघडून सुद्धा बघत नाहीत.

पोरोब-परबचं इथलं काम तुम्ही इथंच सुरू करा, ती येईपर्यंत थांबू नका. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं नोटरीकडे एफिडेव्हिट होतं, ते हाताशी असावं, पण सगळीकडे त्यावर भागत नाही. कायमचं एक नाव करायचं असेल तर गोव्याचा नाव-आडनाव बदलण्याचा १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, त्याप्रमाणे रीतसर करून गॅझेटमध्ये छापून घ्यायचं. पुढं मेडिकल कौन्सिल, पीजी, बँक, सगळीकडे हा प्रश्न परत येणारच आहे, मी असते तर गॅझेटच केलं असतं. आणि पासपोर्टला हात लावायचा नाही, परबच राहूदे, कारण बाहेरचे सगळे कागद त्याच्यावर चाललेत.

तिसरी गोष्ट, अपोस्टिल, म्हणजे कागद खरा आहे असं त्या देशाच्या सरकारनं दिलेलं, बाहेरच्या देशांत चालणारं प्रमाणपत्र. डिग्रीवर एकतर तिथल्या भारतीय दूतावासाचा शिक्का लागतो नाहीतर त्या देशाचं अपोस्टिल, रशिया अपोस्टिलवाला देश आहे. हे काम मुलगी तिथं असतानाच व्हायला हवं. शैक्षणिक कागदाचं अपोस्टिल दोन दिवसांत होत नाही, आठवडे जातात, आणि मुलं काय करतात, डिप्लोमाचा समारंभ झाला, टोपी उडवली, फोटो काढले की चवथीला घरी पोचायचं म्हणून तिकीट काढून मोकळी. मग इथून कोणा ज्युनिअरला मुखत्यारपत्र पाठवा, त्याच्या परीक्षा सुरू, कुरिअर अडकलं, चालूच. तिकीट अपोस्टिल हातात आल्यावर काढा, चवथ पुढल्या वर्षी पण येणार आहे.

नीटचं (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं) स्कोअरकार्ड शोधून ठेवा. २०१८ पासून बाहेर जाणाऱ्यांना नीट क्वालिफाय असावंच लागतं आणि तोच निकाल एलिजिबिलिटी सर्टिफिकेट (बाहेर शिकायला पात्र असल्याचा दाखला) म्हणून धरला जातो. ती गेली तेव्हाचा ईमेल पासवर्ड आता कोणाला आठवत नाही ही दर घरची गोष्ट आहे.

वेळेचं म्हणाल तर परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्र. माहितीपत्रकात एक कट-ऑफ तारीख दिलेली असते, तिच्या आत डिग्री पूर्ण झालेली असली पाहिजे, त्यामुळे जूनअखेर डिप्लोमा घेणारीला जून सत्र नाहीच, डिसेंबरच धरा. आणि डिसेंबर म्हटलं तरी पेपर जानेवारीत जातो, २०२४ चं डिसेंबर सत्र १२ जानेवारी २०२५ ला झालं. म्हणजे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा वेळ आहे, तो अभ्यासाला लागूदे, कागदांमागं पळण्यात नको.

फॉर्म भरताना फोटो, सही आणि डाव्या अंगठ्याचा ठसा अपलोड करावा लागतो. अंगठा म्हणजे नुसता निळा डाग नव्हे, रेषा दिसल्या पाहिजेत, म्हणून स्टॅम्प पॅडवर अंगठा हलकाच टेकवून आधी जुन्या पेपरवर एकदा उठवायचा, जास्तीची शाई गेली की मग पांढऱ्या कागदावर.

पेपर ३०० प्रश्नांचा, दीडदीडशेचे दोन भाग, प्रत्येकाला अडीच तास, पास व्हायला १५०, निगेटिव्ह मार्किंग नाही. ऐकायला सोपं, पण बऱ्याच सत्रांत पाचांत एकच पास होतो. ज्योतीला एक सांगा, कम्युनिटी मेडिसिनला ३० मार्क आहेत आणि ते तिकडे जवळजवळ शिकवतच नाहीत, कारण आपले राष्ट्रीय कार्यक्रम, टीबी, मलेरिया, लसीकरणाचं वेळापत्रक रशियन प्रोफेसर कशाला शिकवील? ते आपल्या हेल्थ सेंटरच्या भिंतीवर टांगलेलं असतं, पण पाठ कोणी करत नाही. मेडिसिन आणि सर्जरीला त्यांच्या छोट्या शाखा धरून शंभराला पाचच मार्क कमी, गायनॅकला ३०. पास झाली की गोवा मेडिकल कौन्सिलकडे आधी प्रोव्हिजनल नोंदणी आणि मग १२ महिने इंटर्नशिप, गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेजातल्या) जागांसाठी नोटीस निघते तिच्यावर लक्ष ठेवा.

प्रश्न (वाळपईचे एक वडील) : मुलगा जॉर्जियात दुसऱ्या वर्षाला आहे. तिथली फी वाढली. शेजारच्या देशात स्वस्त कॉलेज आहे, वर्ष न गमावता ट्रान्सफर देतो म्हणतात. घालू का?

उत्तर : नको भाऊ, अजिबात नको. १८ नोव्हेंबर २०२१ ला परदेशी पदवीधरांसाठी नवे नियम आलेत आणि त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांना ते लागू आहेत. कोर्स कमीत कमी ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातून, आणि अख्खा कोर्स आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप दोन्ही एकाच कॉलेजात. अर्धा एका देशात अर्धा दुसऱ्या देशात केला तर डिग्री मिळेल, भिंतीवर लावता येईल, पण इथं एफएमजीईला बसायला मिळणार नाही. आणि ती तिकडची इंटर्नशिप झाली म्हणून इथली सुटत नाही, इथं परत १२ महिने करावी लागते. शिवाय त्या देशात त्यांच्या स्वतःच्या नागरिकांना डॉक्टरकीचं जसं लायसन्स मिळतं तसंच त्या डिग्रीवर मिळण्यासारखं असलं पाहिजे, हा नियम तर बहुतेक एजंट सांगतच नाहीत. सगळं मिळून प्रवेशापासून १० वर्षांच्या आत. फी वाढली ती कळते, कर्ज काढावं लागलं तरी आहे तिथंच पूर्ण करूदे. ट्रान्सफर देतो म्हणणाऱ्याला एकच विचारा, हे लेखी देशील का.

प्रश्न (केप्याचा एक विद्यार्थी) : पोर्तुगीज काळात जन्मलेल्या आजोबांच्या नावावरून माझी जन्मनोंद लिस्बनला झाली आणि पोर्तुगीज पासपोर्ट पण काढला. त्याच्यावर युरोपात कमी फीमध्ये मेडिकल करतोय. भारतीय पासपोर्ट अजून घरात आहे. एफएमजीईला भारतीय म्हणून फॉर्म भरला तर चालेल?

उत्तर : चालणार नाही, आणि भरू पण नकोस. ही परीक्षा भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डवाल्यांसाठी (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी) आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, घरातलं निळं बुक कपाटात असलं तरी. नुसत्या जन्मनोंदीनं नागरिकत्व जातं का यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद चाललाय, पण तू पासपोर्ट काढलास म्हणजे तुझ्यापुरता तो वाद संपला. तुझी वाट ओसीआयची. आधी त्यासाठी भारतीय पासपोर्ट सरेंडर केल्याचं सर्टिफिकेटच लागायचं, पण परदेशी नागरिकत्व लपवल्याच्या कारणावरून पासपोर्ट रद्द झालेल्यांची त्यात कोंडी व्हायची, म्हणून ४ एप्रिल २०२४ ला केंद्रानं त्यांच्यासाठी पासपोर्ट रद्द झाल्याचा आदेश पण चालेल असं केलं. तू अजून त्या थराला गेलेला नाहीस तर स्वतःहून सरेंडर कर, पणजीत हे रोज करणारे वकील आहेत, एकाकडे जाऊन बस. ओसीआय हातात आल्यावरच फॉर्म, कारण नॅशनॅलिटीचा रकाना नंतर बदलत नाही हे वर लिहिलंच.

प्रश्न (म्हापशाची एक मुलगी, परदेशात तिसऱ्या वर्षाला) : मला अमेरिकेला जायचंय. यूएसएमएलईचा (तिथं डॉक्टरकीच्या लायसन्ससाठी टप्प्याटप्प्यानं, म्हणजे स्टेपनी, द्यायच्या परीक्षेचा) अर्ज डिग्रीच्या आधी करता येतो का? एफएमजीई पण द्यावी का?

उत्तर : येतो गो. स्टेप वन विद्यार्थी असताना देता येते, बेसिक सायन्सची वर्षं झालेली असली की. पण आधी वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्समध्ये तुझं कॉलेज उघडून बघ, त्यात ईसीएफएमजीची (परदेशी डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेची) नोंद आहे का, नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. २६ जानेवारी २०२२ पासून स्टेप वनला मार्क नाहीत, पास किंवा नापास एवढंच, त्यामुळे सगळा भार स्टेप टू सीकेच्या (दुसऱ्या टप्प्यातल्या क्लिनिकल ज्ञानाच्या पेपरच्या) स्कोअरवर आलाय. कुठल्याही स्टेपला चारच संधी, म्हणून बघूया तरी म्हणून बसायची ही परीक्षा नव्हे. इंग्रजीसाठी ओईटी नावाची वेगळी परीक्षा द्यावी लागते. यूएसएमएलई आणि एफएमजीई दोन्ही परीक्षा द्यायच्या असतील तर दे, अभ्यास बराचसा सारखा आहे, पण एकाच सहा महिन्यांत दोन्ही नको. ईसीएफएमजी तू खरंच तिथली विद्यार्थिनी आहेस हे थेट कॉलेजकडून तपासून घेते, आणि काही कॉलेजांत त्याला उत्तर द्यायचा अधिकार असलेला माणूस एकच असतो, तो रजेवर गेला की पोरं लटकतात. इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जाऊन तो कोण आहे ते विचारून घे, मग फी भर.