इंटरनेटवर आपला डेटा कुठल्या वाटेने जावा, हे ग्राहकाला ठरवता येतं का?

प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि तरी गेममध्ये लॅग, मग वाट बदलून मिळेल का, असं विचारलंय तुम्ही. कंपनीकडून? विसरा. फोन केलात तर "सर, राऊटर बंद करून चालू करा" एवढंच ऐकू येईल. मी सात वेळा ऐकलंय.

घर माझं कोथरूडला, कामाचा सर्व्हर मुंबईत. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मुंबईला जाऊन यायला दोनेक मिलिसेकंद. मधली यंत्रं धरून दहा म्हणा. मला पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) यायचा १३८ मिलिसेकंद. टर्मिनलवर अक्षर उमटेना म्हणून मी पुन्हा दाबायचो आणि मग दोन्ही उमटायची. एका रात्री ट्रेसराऊट मारला, म्हणजे डेटा कुठल्या कुठल्या टप्प्यांतून जातो ते दाखवणारी कमांड. सहाव्या हॉपच्या, म्हणजे टप्प्याच्या, नावात 'एसआयएन'. सिंगापूर! कोथरूड ते मुंबई, व्हाया सिंगापूर.

माझी इंटरनेट कंपनी आणि सर्व्हरवाली कंपनी मुंबईत एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. दोघींचे वरचे पुरवठादार भेटायचे ते थेट सिंगापुरात. देशातलं ट्रॅफिक देशातच राहावं म्हणून २००३ साली निक्सी (इंटरनेट कंपन्यांनी एकमेकींना जोडून घ्यायची जागा, म्हणजे एक्स्चेंज) काढली, पण एक्स्चेंज असून काय उपयोग, दोघांचं जमायला नको? बीजीपी, म्हणजे नेटवर्कांमधल्या वाटा ठरवणारी पद्धत, वाट निवडते ती करारमदार आणि खर्च बघून. तुमचा पिंग त्या हिशेबात नसतोच.

हे साडूंना सांगितलं. ते याच धंद्यातले. म्हणाले, "गिऱ्हाइकाने आचाऱ्याला फोडणी शिकवू नये." अहो, पण रिक्षावाल्याला मी 'कर्वे रोडने नको, पौड रोडने घ्या' सांगतोच की! आणि ही काही माझी टूम नाही. १९८१च्या आयपीतच (इंटरनेटवर डेटा पोचवायच्या मूळ नियमांत) पाठवणाऱ्याने वाट लिहून द्यायची सोय होती. तिचा गैरवापर होतो, हे साडूंचं म्हणणं खरंय. आयपीच्या नव्या आवृत्तीतली, आयपीव्ही६ मधली, तसलीच सोय २००७ मध्ये मोडीत काढली, कारण डेटाचं एकच पॅकेट दोन राऊटरांमध्ये चेंडूसारखं टोलवत ठेवता यायचं. पण म्हणून ग्राहकाने कायम गप्प बसायचं? झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात 'सायन' नावाची नवी नेटवर्क-रचना तयार झाली (आपल्या शीवचा संबंध नाही). त्यात नेटवर्कवाले आपापल्या मान्य वाटा सहीनिशी जाहीर करतात आणि पाठवणारा त्यांतली निवडतो. २०२१ पासून स्विस बँकांचं आपसातलं जाळं त्यावर चालतंय. तिथे कुणाची फोडणी करपलेली दिसत नाही.

मी काय केलं? माझी इंटरनेट कंपनी आणि सर्व्हरवाली, दोघीही मुंबईतच जिला जोडलेल्या आहेत, अशा तिसऱ्याच कंपनीकडे एक छोटं व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतलं आणि घरून तिथवर वायरगार्ड, म्हणजे व्हीपीएनचा बोगदा, टाकला. पिंग ११. साडूंना स्क्रीनशॉट पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

तुमचा गेम सर्व्हरच सिंगापुरात असेल तर मात्र यातलं काही करू नका, पिंग उलट वाढायचा. आणि वायफायवर खेळत असाल तर आधी केबल लावून बघा. साडू मलाही हेच म्हणाले होते, पण माझी केबल लावलेलीच होती.